पुत्रवियोगातून कर्करुग्णांच्या सेवेकडे : मदर मेरी अल्फोन्सा (रोझ हॉथॉर्न)

घरातील माणूस कर्करोगाने गेला की कोपऱ्यात उभी केलेली खाट, उरलेली औषधे आणि रात्री जागण्याची जडलेली सवय एवढे मागे राहते. असे एकही घर नाही असा धर्मग्राम आज शोधून सापडणे कठीण. यांपैकी काही कुटुंबांतील माणसे आपले दुःख सोबत घेऊन दुसऱ्या एखाद्या रुग्णाच्या उशाशी जाऊन बसतात. कोणी पुण्यतिथीच्या मिस्सेला येणाऱ्या आप्तेष्टांकडे फुलांऐवजी देणगी मागून ती अंतकाळ जवळ आलेल्या रुग्णांच्या सेवागृहाकडे पोहोचवतात. वांद्र्याला माउंट मेरी परिसरात डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या प्रयत्नाने १९८६ साली सुरू झालेले शांती आवेदना सदन, म्हणजे भारतातील पहिले हॉस्पिस, आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. गोव्यात लोटली येथेही त्याचे कार्य आहे. परंतु त्याच्याही सुमारे नव्वद वर्षे आधी, न्यूयॉर्कच्या एका दरिद्री वस्तीत दोन भाड्याच्या खोल्या घेऊन हेच कार्य आरंभणारी एक स्त्री होऊन गेली. तिची ओळख मराठी वाचकांना फारशी नाही. ती करून देण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

रोझ हॉथॉर्न हिचा जन्म २० मे १८५१ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लेनॉक्स या गावी झाला. तिचे वडील नॅथॅनिएल हॉथॉर्न हे अमेरिकन वाङ्मयातील थोर कादंबरीकार. ‘द स्कार्लेट लेटर’ ही त्यांची कादंबरी रोझच्या जन्माच्या आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती. आई सोफिया चित्रकलेत निपुण होती. ऊना व ज्युलियन या भावंडांच्या पाठीवर झालेले रोझ हे शेंडेफळ. हे घराणे मूळचे कडव्या प्युरिटन परंपरेतले. सेलम येथे १६९२ साली चेटकिणी ठरवून निरपराध माणसांवर जे खटले चालले, त्यांतील एक न्यायाधीश नॅथॅनिएल यांचा पूर्वज होता आणि या गोष्टीचे ओझे त्यांच्या मनावर आयुष्यभर राहिले. अशा घराण्यातील मुलगी पुढे कॅथलिक धर्मभगिनी व्हावी, ही परमेश्वराची योजना त्या काळच्या अनेकांना चमत्कारिकच वाटली असेल.

रोझ दोन वर्षांची असताना वडिलांची लिव्हरपूल येथे अमेरिकेचे वाणिज्यदूत म्हणून नेमणूक झाली आणि कुटुंब इंग्लंडला गेले. तेथील एका प्रसंगाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे, कारण पुढे रोझ यांच्या मनात तो कायम घर करून राहिला. नॅथॅनिएल काही मंडळींसमवेत तेथील अनाथ व निराधारांचे आश्रयस्थान पाहण्यास गेले होते. तेथे त्वचारोगाने विद्रूप झालेले, डोळ्यांतून स्राव वाहणारे एक लहान मूल त्यांच्या मागे मागे फिरू लागले आणि कडेवर घ्या म्हणून हात वर करून उभे राहिले. हॉथॉर्न स्वभावाने अतिशय संकोची आणि परक्याच्या स्पर्शाला बिचकणारे. तरीही त्यांनी त्या मुलाला उचलले, जवळ धरले आणि मगच खाली ठेवले. १८६३ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी हा प्रसंग सांगितला, पण तो पाहुण्यांपैकी एका अनाम गृहस्थाच्या नावावर. तो गृहस्थ म्हणजे ते स्वतःच होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर खाजगी टिपणवह्यांमधून उघड झाले. वडिलांच्या सगळ्या लेखनात रोझ यांना या काही ओळी सर्वांत मोलाच्या वाटत आणि आपल्या कार्याचे मूळ त्या तेथे शोधीत.

इंग्लंडनंतर दीड-दोन वर्षे कुटुंब इटलीत राहिले. रोममध्ये थोरली बहीण ऊना हिवतापाने मरणाच्या दारी जाऊन परत आली. १८६० मध्ये सर्वजण कॉन्कॉर्डला परतले. रोझच्या तेराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, १९ मे १८६४ रोजी, वडील निवर्तले. त्यानंतर आर्थिक ओढाताण सुरू झाली. आई मुलांना घेऊन जर्मनीत ड्रेस्डेनला व तेथून लंडनला गेली आणि १८७१ च्या फेब्रुवारीत लंडनमध्येच तिचा अंत झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, रोझने जॉर्ज पार्सन्स लॅथ्रोप या तरुण लेखकाशी विवाह केला. मातृवियोगाच्या दुःखात घाईने केलेला हा विवाह होता, असे म्हटल्यास अन्याय होणार नाही.

१८७६ साली त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव फ्रान्सिस ठेवले. पुढल्याच वर्षी ऊना इंग्लंडमध्ये मरण पावली. मुलासाठी म्हणून जॉर्ज यांनी कॉन्कॉर्डमधील हॉथॉर्न कुटुंबाचे जुने घर पुन्हा विकत घेतले. परंतु १८८१ च्या आरंभी घटसर्पाने फ्रान्सिस गेला. त्याला पाचवे वर्षही लागले नव्हते असे नाही, लागले होते, पण पुरे झाले नव्हते. घटसर्पावर त्या काळी उपाय नव्हता. प्रतिविष निघाले ते त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. रोझ यांना पुन्हा मूल झाले नाही.

एवढ्या आघातानंतर लगेच एखादी तेजस्वी प्रेरणा झाली आणि त्या सेवेकडे वळल्या, असे आम्ही लिहिले तर ते चरित्र न होता कथा होईल. वस्तुस्थिती तशी नाही. मुलाच्या मृत्यूपासून सेवाकार्याच्या आरंभापर्यंत पंधरा वर्षे गेली. त्या काळात रोझ यांनी कथा-कविता लिहिल्या आणि १८८८ मध्ये एक काव्यसंग्रह प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कच्या वाङ्मयीन वर्तुळात त्या वावरल्या. संसार मात्र उसवत गेला, कारण जॉर्ज मद्याच्या आहारी गेले होते. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी घरात मद्यपाश पाहिला आहे, त्यांना या वर्षांचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

याच काळात आणखी एक मृत्यू रोझ यांनी जवळून पाहिला. एमा लॅझरस ही ज्यू कवयित्री त्यांची मैत्रीण. न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याशी जिचे सुनीत कायमचे जोडले गेले आहे, तीच ही एमा. १८८७ साली वयाच्या अडतिसाव्या वर्षी ती कर्करोगाने गेली. ती सधन घरातली होती. उत्तम डॉक्टर, परिचारिका, स्वच्छ बिछाना आणि सभोवती माया करणारी माणसे तिला लाभली. ज्यांना यांतले काहीच मिळत नाही त्यांचे काय होत असेल, हा प्रश्न रोझ यांच्या मनात तेव्हापासून राहिला.

१८९१ च्या मार्च महिन्यात, संत योसेफाच्या सणाच्या दिवशी, रोझ व जॉर्ज या दोघांनी न्यूयॉर्क येथे कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. पॉलिस्ट संघाचे फादर आल्फ्रेड यंग यांनी त्यांना ख्रिस्तसभेत घेतले. या निर्णयाची वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली. पतिपत्नींनी मिळून एका कॉन्व्हेंटचा इतिहास लिहिला. तथापि नव्या श्रद्धेनेही संसार सावरला नाही आणि १८९५ मध्ये, ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांची संमती घेऊन, रोझ पतीपासून विभक्त झाल्या. हा भाग अनेक भक्तिपर लेखांत दोन शब्दांत आटोपला जातो. आम्हांला तसे करणे योग्य वाटत नाही. चोवीस वर्षांचा संसार सोडणे कोणत्याही कॅथलिक स्त्रीला सोपे नव्हते. पुढे १८९८ च्या एप्रिलमध्ये जॉर्ज मरण पावले तेव्हा त्या त्यांच्या विवाहित पत्नीच होत्या, आणि धर्मभगिनी होण्याचा मार्ग मोकळा झाला तो या मृत्यूमुळेच.

आता त्या काळच्या कर्करुग्णांची स्थिती थोडी समजून घेऊ. हा रोग संसर्गजन्य आहे असा समज सर्वत्र होता, त्यामुळे चाळींतील शेजारी आणि कधी कधी घरचेही रुग्णाला दूर लोटीत. रुग्णालये बरा होण्यासारखा रोगी ठेवून घेत, असाध्य ठरलेल्याला बाहेर काढीत. पैसेवाल्यांची सोय घरी होई. गरिबांना मात्र नदीतील ब्लॅकवेल्स आयलंड या बेटावरील निराधारगृहात पाठविले जाई. तेथे परिचारिका अपुऱ्या, आणि शहरातून तेथे जाऊन पडणे म्हणजे जिवंतपणीच विस्मृतीत जाणे. एक तरुण शिवणकाम करणारी स्त्री कर्करोग झाल्यावर अशीच त्या बेटावर नेण्यात आली, ही हकिकत फादर यंग यांच्याकडून रोझ यांच्या कानी आली. सुसंस्कृत, कष्टाळू, कोणापुढे हात न पसरलेली ती स्त्री होती. एमाचा मृत्यू आणि या अनोळखी स्त्रीचा मृत्यू यांतील अंतर रोझ यांना सहन झाले नाही.

देणगी देऊन मोकळे होण्याजोगा पैसा त्यांच्याजवळ नव्हता. त्यांनी स्वतःचे हात देऊ केले. १८९६ च्या उन्हाळ्यात, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्क कॅन्सर हॉस्पिटलमध्ये सुमारे तीन महिने शुश्रूषेचे शिक्षण घेतले. पहिल्यांदा जखम उघडून पाहिली तेव्हा त्या हादरून गेल्या होत्या. चेहऱ्यावर किंवा छातीवर चिघळलेला कर्करोग, त्याची दुर्गंधी आणि दर काही तासांनी बदलाव्या लागणाऱ्या पट्ट्या यांची कल्पना आज औषधांमुळे पुष्कळशी सौम्य झाली आहे. तेव्हा ती नव्हती.

त्याच शरद ऋतूत त्यांनी लोअर ईस्ट साइड भागात स्कॅमेल स्ट्रीटवर भाड्याने खोल्या घेतल्या. आयर्लंड, इटली व पूर्व युरोपातून आलेल्या कष्टकऱ्यांची ती दाट वस्ती होती. रोझ यांनी भिंती धुतल्या, रंग काढला आणि दार उघडे ठेवले. कोणाच्या जखमा तेथेच बांधायच्या, जे उठू शकत नाहीत त्यांच्याकडे जिने चढून जायचे, असा क्रम सुरू झाला. लवकरच वॉटर स्ट्रीटवर जागा घेऊन त्यांनी रुग्णांना मुक्कामाला ठेवण्यास आरंभ केला. परोपकारी संस्था चालविणाऱ्या बाई म्हणून नव्हे, तर त्याच वस्तीतील शेजारीण म्हणून राहायचे, हे त्यांनी प्रथमपासून ठरविले होते.

पैशाचे काय, हा प्रश्न प्रत्येक सेवाकार्यात पहिल्याच आठवड्यात उभा राहतो. रोझ यांनी येथे आपल्या लेखणीचा उपयोग केला. वृत्तपत्रांना पत्रे लिहून त्यांनी या रुग्णांची दैना नागरिकांसमोर मांडली. हॉथॉर्न यांची कन्या कर्करोग्यांच्या वस्तीत राहते आहे, ही गोष्ट वाचकांच्या कुतूहलाची होती आणि त्यांनी त्या कुतूहलाचा संकोच न करता रुग्णांसाठी लाभ घेतला. १८९७ मध्ये वडिलांच्या आठवणींचे त्यांचे पुस्तकही आले. पत्रातून भपकेबाज योजना मांडण्याऐवजी अमुक रुग्णासाठी अमुक हवे आहे असे सांगायचे आणि आलेल्या मदतीचा उपयोग कसा झाला तेही कळवायचे, ही त्यांची रीत. देणाऱ्यांत लहान माणसे अधिक होती. ‘ख्राइस्ट्स पूअर’ हे मासिक त्यांनी १९०१ पासून काही वर्षे चालविले. त्यांचे चाहते व साहाय्यकर्ते यांत मार्क ट्वेनसारखा, धर्मसंस्थांची सहसा टर उडविणारा लेखकही होता, हे नमूद करण्याजोगे आहे.

मदत घेताना एक नियम मात्र त्यांनी कधीही मोडला नाही. रुग्णाकडून वा त्याच्या नातेवाइकांकडून एक पैसाही घ्यायचा नाही. ज्याच्याजवळ थोडेफार आहे त्याने खाटेची किंमत देऊ केली तरी ती नाकारायची, कारण एकदा पैसे देणारा आणि न देणारा असे दोन रुग्ण शेजारी शेजारी निजले की सेवेत भेद शिरतो, हे त्यांनी ओळखले होते. रुग्णाचा धर्म कोणता, देश कोणता, तो सज्जन की दुर्जन, याची विचारणा नव्हती. रुग्णावर नवनव्या उपचारांचे प्रयोग करू द्यायचे नाहीत आणि त्याच्या जखमेकडे पाहून किळस दाखवायची नाही, हेही नियमच होते. अशा संस्थेच्या कार्यकारी मंडळावर आम्ही असतो, तर पैसे भरू शकणाऱ्यांकडून निदान ऐच्छिक देणगी घ्यावी असा ठराव आमच्यापैकी कोणीतरी निश्चितच मांडला असता.

केवळ पत्रांनी सेवा चालत नाही, माणसे लागतात. अनेक स्त्रिया उत्साहाने येत, एखाद-दोन दिवस काम करीत आणि पुन्हा दिसत नसत. रोझ यांनी त्यांना दोष दिला नाही. १८९७ च्या डिसेंबरात अ‍ॅलिस ह्यूबर नावाची तरुणी आली. केंटकी राज्यातील एका डॉक्टरांची ही मुलगी न्यूयॉर्कला चित्रकला शिकण्यासाठी राहत होती. घरातील गर्दी, दुर्गंधी आणि अव्यवस्था पाहून तिचे मन खचले. तरीही आठवड्यातून एक दुपार येईन, एवढे तिने कबूल केले. आज आपल्याकडे हॉस्पिसमध्ये स्वयंसेवा करणारे बहुतेक जण असेच एका दुपारीपासून आरंभ करतात. अ‍ॅलिसची ती एक दुपार हळूहळू वाढत गेली आणि मार्च १८९८ मध्ये ती आपले सामान घेऊन कायमची राहायला आली. रोझ यांचे मन कल्पक व धाडसी, अ‍ॅलिसचे शिस्तीचे व हिशेबी. दोघींचे प्रत्येक बाबतीत पटत असे असे नाही, पण एकीवाचून दुसरीचे कार्य टिकले नसते, असे आमचे मत आहे.

१८९९ मध्ये चेरी स्ट्रीटवर एक घर विकत घेण्यात आले आणि त्याला लिमा येथील संत रोझ हिचे नाव देण्यात आले. त्याच सुमारास डॉमिनिकन संघाचे फादर क्लेमेंट थुएंटे एका रुग्णाला भेटण्यासाठी तेथे आले. तेथील सेवा पाहून ते प्रभावित झाले आणि त्यांनी दोघींना डॉमिनिकन तृतीय संघात येण्याचे सुचविले. लिमाची रोझही त्याच तृतीय संघातली, आणि तीही आपल्या घरी गरीब रुग्ण आणून त्यांची शुश्रूषा करणारी. आर्चबिशप मायकेल कॉरिगन यांच्या अनुमतीने ८ डिसेंबर १९०० रोजी, निष्कलंक मरियेच्या सणाच्या दिवशी, दोघींनी व्रते घेतली. रोझ आता मदर मेरी अल्फोन्सा झाल्या व अ‍ॅलिस सिस्टर मेरी रोझ. (अल्फोन्सा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर केरळच्या संत अल्फोन्सा येतात. त्यांचा जन्म यानंतर दहा वर्षांनी, १९१० चा.) असाध्य कर्करुग्णांच्या सेविका या नावाने हा धर्मभगिनी संघ ओळखला जाऊ लागला.

याच वर्षांत न्यूयॉर्कमध्ये दुसरेही एक कार्य उभे राहत होते, त्याची नोंद येथे करणे योग्य होईल. फ्रान्समधील लिआँ शहरात झान गार्निए या स्त्रीने पती व मुले गमावल्यानंतर १८४२ साली असाध्य रोगाने पीडित स्त्रियांसाठी विधवा भगिनींचे एक सेवामंडळ स्थापन केले होते. त्याच प्रेरणेने न्यूयॉर्कमधील काही विधवांनी १८९९ मध्ये कॅल्व्हरी हे सेवागृह काढले व ते आज मोठे रुग्णालय आहे. ज्यांच्या घरातली जागा रिकामी झाली, त्या स्त्रियांनीच ही दोन्ही घरे उघडली.

शहरातील जागा लवकरच अपुरी पडली. १९०१ मध्ये शहराच्या उत्तरेस वेस्टचेस्टर भागात फ्रेंच डॉमिनिकन धर्मगुरूंचे एक जुने प्रशस्त लाकडी घर मिळाले. तेथे रोझरी हिल होम सुरू झाले, आणि त्या गावाला हॉथॉर्न हे नाव पडले. शहरातील संत रोझ गृहासाठी १९१२ मध्ये जॅक्सन स्ट्रीटवर नवी इमारत उभी राहिली, ती २००९ पर्यंत चालू होती. या प्रत्येक पावलामागे पुन्हा पत्रे होतीच. मदर अल्फोन्सा दिवसा रुग्णांत आणि रात्री टेबलाशी असत.

१९२५ मध्ये बोडन कॉलेजने, म्हणजे ज्या महाविद्यालयातून त्यांचे वडील बरोबर शंभर वर्षांपूर्वी पदवी घेऊन बाहेर पडले होते तेथून, त्यांना सन्माननीय पदवी दिली. त्यांचे मन मात्र तेव्हा वेगळ्याच चिंतेत होते. रोझरी हिलचे घर लाकडी. अंथरुणातून हलू न शकणारे इतके रुग्ण आत असताना आग लागली तर काय, या विचाराने त्यांना झोप येत नसे. आगीपासून सुरक्षित इमारतीसाठी त्यांनी निधी जमवायला घेतला. पंचाहत्तरी गाठली तरी आवाहनाची पत्रे त्या स्वतः लिहीत. ८ जुलै १९२६ च्या रात्रीही हेच काम चालू होते. ९ जुलैच्या सकाळी त्या झोपेतच प्रभूकडे गेल्याचे आढळले. तो त्यांच्या आईवडिलांच्या विवाहाचा वाढदिवस होता.

संघाची धुरा मदर रोझ, म्हणजे एका दुपारपुरत्या आलेल्या अ‍ॅलिस ह्यूबर, यांनी १९४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत वाहिली. सुरक्षित इमारत उभी राहिली. १९३९ मध्ये अटलांटा येथे एक गृह निघाले. तेथेच वाढून बाराव्या वर्षी मरण पावलेल्या एका कर्करुग्ण बालिकेचे चरित्र तेथील भगिनींनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा त्याला प्रस्तावना लिहिणाऱ्या कॅथलिक लेखिका फ्लॅनरी ओकॉनर यांनी लिव्हरपूलच्या त्या मुलापासून रोझपर्यंतचा धागा उलगडून दाखविला. रुग्णाकडून पैसे न घेण्याचा नियम संघाने पुढेही पाळला.

कार्डिनल एडवर्ड ईगन यांनी २००३ मध्ये मदर अल्फोन्सा यांच्या संतपदाच्या प्रक्रियेला आरंभ केला आणि १४ मार्च २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या सद्गुणांना मान्यता देऊन त्यांना वंदनीय ठरविले. दरम्यान आणखी एक गोष्ट घडली. सोफिया व ऊना यांच्या लंडनमधील कबरी जीर्ण झाल्या होत्या आणि इतकी वर्षे त्यांच्या देखभालीचा खर्च रोझ यांच्याच धर्मभगिनी करीत आल्या होत्या. २००६ च्या जून महिन्यात माय-लेकींचे अवशेष अमेरिकेत आणून कॉन्कॉर्डच्या दफनभूमीत नॅथॅनिएल यांच्या शेजारी ठेवण्यात आले. रोझ तेथे नाहीत. त्या हॉथॉर्न गावीच विसावल्या आहेत.